स्वर वाचकाने पुरवावा

एझ्रा मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला तो २०४१ च्या फेब्रुवारीत, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरवलेल्या मेळाव्यात, बोलता बोलता. वाक्य अर्धं राहिलं आणि मास्तर खुर्चीवर एका बाजूला कलंडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची मुलगी मिलका पेझारकर पुण्याच्या एका लिपिसंशोधन संस्थेत काम करत होती. ती रजा टाकून निघाली आणि पनवेलजवळच्या पुनर्वसन केंद्रासमोर दोन खोल्या घेऊन राहिली.

पाचव्या आठवड्यात मास्तरांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. मिलकाने वही पुढे केली. बऱ्याच खटपटीनंतर कागदावर उमटलं: मल पण द.

मिलकाने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. ते पाणी प्यायले. मग तिने पुन्हा त्या अक्षरांकडे नीट पाहिलं. अक्षरं सुरेख होती. चाळीस वर्षं अलिबागच्या पोरांना मराठी शिकवणाऱ्या माणसाचीच होती. फक्त काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सगळं गळून पडलं होतं. व्यंजन एकही चुकलं नव्हतं.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असे रुग्ण त्यांनी पाहिले आहेत. मेंदूत व्यंजनं आणि स्वर वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळले जातात. नेमक्या एका ठिकाणी रक्त साकळलं की स्वर जातात आणि व्यंजनं राहतात. "मान हलवून हो-नाही सांगतील, पण त्यावर जाऊ नका," त्यांनी बजावलं. "भूक आहे का विचारलं तरी हो, नाही का विचारलं तरी हो."

मिलकाला त्या वहीत दुसरंच काही दिसलं. लहानपणी इस्राएल आळीतल्या मशिदीत (त्यांच्या ज्यू समाजात सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायचे) बाबा दर शनिवारी हिब्रू पोथी वाचत. चर्मपत्राच्या त्या गुंडाळीवर नुसती व्यंजनं असतात. स्वर वाचणाऱ्याच्या तोंडात. बाबांनी तिला ते वाचायला शिकवलं होतं, मुलींना सहसा शिकवत नसतानाही. पुढे जगभरच्या लिपींची वर्गवारी करणं हेच तिचं काम झालं, ते त्या शनिवारांमुळे.

महिन्याभरात संस्थेने एक समिती बसवली. स्वर हरवलेले रुग्ण राज्यात शेकड्यांनी होते आणि सुहृद टिपरे नावाचा एक अभियंता त्यांच्यासाठी यंत्र तयार करत होता. रुग्णाने दाब टिपणाऱ्या पाटीवर वही ठेवून लिहायचं, यंत्राने त्यात स्वर भरून ते बोलून दाखवायचं, तेही रुग्णाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात. टिपरेचा दावा होता की लिहिताना माणूस मनात उच्चार करतो आणि त्या उच्चाराचा कंप हातात उतरतो. कागदावर न आलेला स्वर पेन्सिलीच्या दाबात सापडतो. पण यंत्राला आधी हे सांगायला हवं होतं, की ही लिपी कोणत्या जातीची.

"आपलीच आहे, मॅडम," टिपरे म्हणाला. "देवनागरी. मोडलेली, इतकंच."

"नाही," मिलका म्हणाली. "देवनागरीत नुसता 'क' काढला तर त्याच्या पोटात 'अ' असतोच. काना दिला की तो 'अ' जातो आणि 'आ' येतो. म्हणजे आपल्याकडे अक्षर स्वराशिवाय नसतंच. रोमनमध्ये स्वर वेगळा उभा राहतो, व्यंजनाच्या शेजारी, त्याच्या बरोबरीने. बाबांच्या 'क'मध्ये 'अ' नाही. काहीच ठरलेलं नाही. त्यांनी 'कल' लिहिलं तर ते काल असेल, कला असेल, केला, केली, काहीही. ही व्यंजनलिपी आहे. हिब्रूसारखी, अरबीसारखी."

समितीत दोन दिवस वाद झाला. शेवटी मिलकाचं म्हणणं मान्य झालं. अहवालात तिने व्याख्या लिहिली, नेमकी आणि आटोपशीर. तिचं शेवटचं वाक्य होतं: 'या लिपीत स्वर वाचकाने पुरवावा.'

टिपरेने यंत्र त्या वाक्यावर उभं केलं. रुग्णासमोर घरचं माणूस बसे. यंत्र एक वाक्य बोले आणि ते माणूस 'बरोबर' किंवा 'नाही' असं बटण दाबे. त्यावरून यंत्र शिकत जाई. लोकांनी त्याला 'स्वरक' नाव दिलं.

जूनमध्ये स्वरक एझ्रा मास्तरांच्या खोलीत आला. आवाजासाठी मिलकाने त्यांच्या प्रार्थनांची जुनी ध्वनिमुद्रणं दिली. पहिल्या दुपारी मास्तरांनी पाटीवर तीन अक्षरं लिहिली, घर ज, आणि भिंतीजवळच्या खोक्यातून तोच खर्जातला, किंचित घोगरा आवाज आला, "घरी जाऊ."

मिलकाने 'बरोबर' दाबलं आणि बराच वेळ तिचं बोट बटणावरून उचललंच गेलं नाही.

त्यानंतरचे तीन महिने तिच्या आयुष्यातले सर्वांत भरलेले होते. बाबा बोलत होते. चहात साखर कमी म्हणत होते, खिडकीतल्या डोंगराचं नाव विचारत होते. आणि एका गुरुवारी त्यांनी लिहिलं: तल मफ कल.

"तुला माफ केलं," खोक्यातून आवाज आला.

हे वाक्य ऐकायला मिलका नऊ वर्षं थांबली होती. तिची आई दीना पुण्याच्या इस्पितळात वारली तेव्हा ती परदेशात एका परिषदेत होती. आईने फोनवर सांगितलं होतं, मी बरी आहे, काम सोडून येऊ नकोस. ती आली नाही. परतली तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्याखाली ती नऊ वर्षं वावरली होती. त्या गुरुवारी ती त्यांच्या पायाशी बसून लहान मुलीसारखी रडली. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण चेहऱ्याकडे पाहायची आता तिला गरज वाटत नव्हती.

सप्टेंबरात तिचा धाकटा भाऊ बेनी इस्राएलहून आला. सतरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून तो गेला होता. शनिवारची प्रार्थना चालवणारं घराण्यात कोणीतरी राहावं असं बाबांना वाटे, आणि बेनीला जहाजांची इंजिनं दुरुस्त करायची होती. खोलीत आल्यावर तो दाराशीच उभा राहिला.

"बस ना त्यांच्यासमोर," मिलका म्हणाली. "तुझ्या नावाने वेगळी नोंद कर, म्हणजे यंत्र तुला ओळखेल. बोल त्यांच्याशी. खरंच बोलतात."

ती खाली औषधं आणायला गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा बेनी व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सतरा वर्षांनी आलो, ताई. मला म्हणाले, घरी जा."

"काय लिहिलं त्यांनी?"

"हेच. घरी जा."

मिलका आत गेली. पाटीवर तीन अक्षरं होती. घर ज. जूनमधल्या पहिल्या दुपारची तीच तीन अक्षरं.

तिने नोंदी उघडल्या. बेनीसमोर यंत्र बारा वाक्यं बोललं होतं. 'उशीर केलास.' 'तुझी गरज नाही.' 'घरी जा.' बेनीने बाराही वेळा 'बरोबर' दाबलं होतं, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. तिच्या स्वतःच्या नोंदींतही तसंच होतं. जे ऐकायची तिला आस होती तिथे तिचं बोट क्षणात पडलं होतं, आणि यंत्र त्या घाईवरून शिकलं होतं.

तिने टिपरेला फोन लावला. "सुहृद, खरं सांग. हाताच्या कंपातून किती स्वर सापडतात?"

"पावभर, मॅडम. चारातला एक."

"आणि उरलेले?"

"तुमच्याच व्याख्येप्रमाणे. समोर बसणाऱ्याकडून." मग तो चाचरत म्हणाला, "पण सगळी घरं समाधानी आहेत. एकही तक्रार नाही."

मिलकाने फोन ठेवला. खोलीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तीन महिने त्या आवाजात तिच्याशी कोण बोलत होतं, हा प्रश्न तिने मनात येऊ दिला. तिचीच इच्छा त्यांच्या गळ्याने बोलत होती. बेनीशी बेनीची भीती बोलली. आणि ज्यांचा गळा उसना घेतला होता ते समोर बसून सगळं ऐकत होते. ऐकायला त्यांना सगळं येत होतं. त्यांना बोलता येत नव्हतं, इतकंच.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाहेर बोलावलं.

"श्वास कमी पडतोय. घशात नळी घालून यंत्रावर ठेवता येईल. या वयात यंत्र सुटेलच असं मी सांगू शकत नाही. संध्याकाळपर्यंत ठरवा."

ती दोघं आत गेली तेव्हा मास्तरांनी प्राणवायूच्या मुखवट्याआडून पाटीकडे बोट केलं आणि थांबत थांबत लिहिलं: मल सडव.

स्वरक चालू होता आणि मिलका जवळ होती. आवाज आला, "मला सोडव."

"ऐकलंस?" ती म्हणाली. "वाचव म्हणतायत. नळी घालायची."

बेनीने यंत्रावर आपली नोंद लावली. तीच अक्षरं. तोच आवाज. "मला सोडावं."

"जाऊ द्या म्हणतायत," बेनी म्हणाला. "ताई, त्यांना त्रास देऊ नकोस."

"तुला काय माहीत त्यांना काय हवंय? सतरा वर्षांत..."

"तुला तरी काय माहीत? तुझं ऐकतेस तू त्या खोक्यातून, माझं मी ऐकतो!"

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. मिलकाने ती पाहिली. ती आठी तिच्या ओळखीची होती. कोणी चुकीचं वाचलं की पडायची.

तिने जाऊन खोक्याची वायर उपसली.

मशिदीत पोथी वाचणारा कधीच एकटा नसतो. शेजारी एक जाणता उभा असतो, आणि वाचणाऱ्याने स्वर चुकवला की तो त्याला तिथेच अडवतो. चुकीचा स्वर पुढे जाऊ द्यायचा नाही. मिलका शिकत होती तेव्हा बाबा बोलून अडवत नसत. लाकडावर एक टिचकी वाजवत. टक. ती मागे जाई, दुसरा स्वर घेई. टक वाजली नाही की पुढे.

तिने त्यांचा डावा हात उचलून पाटीच्या लाकडी कडेवर ठेवला. मग प्रार्थनेतली एक ओळ, जी तिला झोपेतही आली असती, तिने मुद्दाम चुकीच्या स्वराने म्हटली.

टक.

बेनी दचकून पुढे आला. तिने ओळ बरोबर म्हटली. बोट हललं नाही. तिने आणखी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बोट फक्त चुकीवर पडलं. मान हो-नाही विसरली होती. बोट विसरलं नव्हतं.

"आता वही," ती म्हणाली.

तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, बाबांनी शिकवलेल्या चालीत. 'मला पाणी दे.' बोट स्वस्थ. 'घरी जाऊ.' स्वस्थ. बेनीने श्वास सोडला. 'घरी जा' असं तिने त्याच्यासाठी मुद्दाम वाचलं, आणि टक वाजली. बेनी खाली मान घालून पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याने बाबांचं पाऊल हातात धरलं.

मग ते पान आलं.

"तुला माफ केलं," मिलकाने वाचलं.

टक.

तिने पुन्हा वाचलं, आवाज चढवून. टक.

तिला दुसरा स्वर ठाऊक होता. त्या गुरुवारपासून तो तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात उभा होता, तिनेच त्याला पुढे येऊ दिलं नव्हतं. "तिला माफ केलं," ती म्हणाली.

बोट स्वस्थ राहिलं. मास्तरांनी डोळे मिटले होते.

तिला. आईला. मी बरी आहे असं सांगून स्वतःचं मरण लपवणाऱ्या आईला. नऊ वर्षं बाबा रागावले होते ते आईवर. मिलकावर ते रागावले होते की नाही, तिला माफ करण्यासारखं काही त्यांच्या मनात होतं की नाही, याबद्दल वहीत एकही अक्षर नव्हतं. तिने पान उलटलं.

शेवटची ओळ.

"मला सोडावं."

टक. बेनीने वर पाहिलं.

"मला सोडव."

टक.

दोघांचंही चुकलं होतं. मिलका अक्षरांकडे पाहत राहिली. म आणि ल. स, ड, व. काना नाही, तर मग काय? बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. मग तिला कळलं. घरात तिला मिलका कोणीच म्हणत नसे.

"मिलू," ती म्हणाली. पुढचं उच्चारायला तिला जड गेलं. "मिलू, सोडव."

बोट लाकडावर होतं. ते हललं नाही. तिने तीनदा वाचलं. हललं नाही.

"सोडव," बेनी पुटपुटला. आता त्याच्या डोळ्यांत निराळंच काही होतं. "सोडव म्हणतायत, ताई. सोडावं नाही. म्हणजे वाचव. तूच बरोबर होतीस. नळी घालू या."

"कशातून सोडव?" मिलका म्हणाली. "आजारातून, की यातून?" तिचा हात पलंगाकडे, मुखवट्याकडे, भिंतीजवळच्या बंद खोक्याकडे फिरला.

"विचार ना त्यांना!"

तिने विचारलं. दोन्ही प्रकारे विचारलं. दोन्ही वेळा मास्तरांनी होकाराची मान हलवली. टिचकी एकदाही वाजली नाही. स्वर आता सगळे जागेवर होते, चुकीचं काही राहिलं नव्हतं, आणि तरी ते वाक्य उघडत नव्हतं.

"नाव तुझं घेतलंय," बेनी अखेर म्हणाला. "तूच ठरव. मी तुला कधी बोल लावणार नाही."

चार वाजता मिलकाने, स्वतःला हवं होतं त्याच्या उलट, डॉक्टरीणबाईंना सांगितलं की नळी घालू नका. एझ्रा मास्तर तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. बेनी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणत होता, बऱ्याच वर्षांच्या खंडाने, अडखळत. त्याचे स्वर चुकत होते. मिलका लाकडाकडे पाहत होती. बोट शेवटपर्यंत स्वस्थ राहिलं. चुका पोटात घातल्या म्हणून, की बोटातलं बळ सरलं म्हणून, हे तिला आजही सांगता येत नाही. कधी कधी पुण्याच्या कचेरीत, भर दुपारी, कोणी टेबलावर पेन ठेवलं तरी ती बोलता बोलता थांबते आणि आपलं शेवटचं वाक्य मनात पुन्हा तपासते.

कामावर परतल्यावर तिने नवा अहवाल लिहिला. जुनी व्याख्या तिने खोडली नाही, तिला एक वाक्य जोडलं: 'जिथे चूक अडवणारा कोणी जाणता नाही, तिथे वाचकाने पुरवलेला स्वर लेखकाचा मानू नये.' टिपरे कुरकुरला, पण ऐकला. स्वरक बदलला गेला. आता जो स्वर खरोखर हातातून आला असेल तेवढाच तो बोले. बाकी ठिकाणी तो गप्प राही. राज्यभरच्या शेकडो खोल्यांत बडबडणारी माणसं एका आठवड्यात मुकी झाली. तक्रारींचा पाऊस पडला.

डिसेंबरात बार्शीहून एक बाई थेट संस्थेत आल्या. इंदुमती ढगे. सत्तरीच्या असाव्यात. कापडी पिशवीतून त्यांनी एक वही काढली आणि शेवटचं पान उघडून मिलकापुढे ठेवलं. पानावर दोनच अक्षरं होती: रण.

"मालक गेले त्याच्या आदल्या दिवशीचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र तेव्हा 'राणी' म्हणालं होतं. लग्नानंतर वरीसभर ते मला राणी म्हणायचे. मग कधी नाही. मी रोज लावायची यंत्र. ऐकून जेवायची. आता तीच नोंद लावली तर बोलत नाही."

"त्याला खात्री नाही, बाई. म्हणून गप्प आहे."

"म्हणजे राणी नसेल?"

"असेलही. ते असते तर विचारता आलं असतं. आता यातून कोणालाच सांगता येणार नाही."

इंदुमतीबाईंनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. "आमच्या शेजारी रेणू म्हणून होती," त्या म्हणाल्या. "शिवणकाम करायची. लई वर्षं झाली तिला गाव सोडून." मग त्यांनी मिलकाकडे पाहिलं. "तुम्ही यातल्या जाणत्या. तुम्ही सांगाल ते मी धरीन."

मिलकाच्या ओठांवर 'राणी' आलं होतं. एक काना, एक दुसरी वेलांटी. काय बिघडणार होतं? पण तिच्या कानात काहीतरी वाजण्याची ती वाट पाहत राहिली, आणि ते वाजलं नाही, आणि त्या शांततेवर तिचा आता विश्वास नव्हता. तिने खिशातलं पेन काढलं आणि बाईंपुढे ठेवलं.

"मी नाही सांगू शकत. पण वही तुमची आहे. द्यायचा तो स्वर तुम्ही द्या. तुम्ही इतकी वर्षं त्यांना वाचलंय."

इंदुमतीबाईंनी पेन उचललं. टोक 'र'च्या अगदी जवळ नेलं. कान्याच्या जागी नेलं, मग मात्रेच्या जागी वर नेलं. हात स्थिर होता. नंतर त्यांनी टोपण लावून पेन परत दिलं आणि वही मिटली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "राहू देत दोघी."

आणि वही पिशवीत घालून त्या बार्शीची एसटी पकडायला निघाल्या.